आमच्या दुर्बिणीचा पळपुटा झिरो

ऊर्जानगरात, म्हणजे चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, राहिलेल्या माणसाला किस्से कसे साठतात हे सांगावं लागत नाही. सकाळी स्कूटरची सीट पुसायची आणि संध्याकाळी तिच्यावर पुन्हा बोटानं नाव लिहिता येईल एवढी राख! किस्स्यांचंही तसंच. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही, आपोआप थर बसतो. त्यातून आमच्या रायफल क्लबाचे किस्से म्हणजे तर विचारूच नका. त्या वेळचे लोक आजही कुठे लग्नात भेटले की पंगती उठतात, वाढपी जेवून जातात, पण आमचं टोळकं काही हलत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. क्लब म्हणजे वीज केंद्राच्या कॉलनीतली एक खोली, एक लोखंडी कपाट, त्याला दोन कुलपं आणि आत पॉइंट टू-टूची एक म्हातारी रायफल. बारकी गोळी, टाळी वाजवल्याएवढा आवाज. रेंज होती जुन्या खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यासमोर. बाकी काही म्हणा, ढिगाऱ्यावरचा आमचा नेम कधी चुकला नाही!

माणसंही मोजकीच. उस्ताद गेडाम फौजेतून रिटायर होऊन केंद्राच्या सिक्युरिटीत आलेले, मूळचे एटापल्लीकडचे. राजन्ना सिरोंच्याचा, टर्बाइनचा फिटर. साठे साहेब पुण्याचे इंजिनियर आणि क्लबाचे अध्यक्ष. मी इन्स्ट्रुमेंट सेक्शनचा, म्हणजे केंद्रातले सगळे काटे बरोबर दाखवतात की नाही हे बघणारा. आणि खोब्रागडे बाई, दवाखान्यातल्या सिस्टर. क्लबातला खरा नेम एकट्या बाईंचा. आम्ही बाकीचे आपले रविवार घालवायला यायचो.

त्या बाईंना चाळिशी लागली. नळीच्या टोकावर नेमाचा बारीक खुंटा असतो, त्याला आम्ही माशी म्हणायचो. एका रविवारी बाई रायफल खाली ठेवून म्हणाल्या, "माशी पाहाले गेली तं गोल दिसत नाई, गोल पाहाले गेली तं माशी दिसत नाई. आता तुमीच खेळा जी." आणि कपाटाची किल्ली त्यांनी उस्तादांच्या हातात ठेवली. त्या दिवशी आमच्यापैकी कुणाला चहा गोड लागला नाही.

नशीब असं की त्याच उन्हाळ्यात एक मोठे साहेब रिटायर झाले आणि जाताना क्लबाला रायफलीवर बसणारी एक विलायती दुर्बीण देऊन गेले. बाईंनी डोळा लावला मात्र आणि लहान पोरीसारख्या ओरडल्या, "अगा माय! गोल तं इथीच आला!"

दिवाळीनंतर नागपूरला स्पर्धा होती आणि तिच्यात दुर्बिणीच्या रायफलींचा वेगळा गट होता. त्यात पहिला येईल तो विदर्भाच्या संघात. बाईंना दुसरी संधी मिळणार नव्हती हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. अडचण एकच. दुर्बिणीचा झिरो टिकेना! झिरो म्हणजे दुर्बिणीतली फुली जिथे, गोळी तिथे. या रविवारी तासभर घाम गाळून झिरो लावावा, तर पुढच्या रविवारी गोळ्या कुठे वर, कुठे डावीकडे, कुठे सरळ बल्लारपूरच्या दिशेला!

*

पहिलं निदान राजन्नाचं. "स्क्रू ढिल्ला हाय."

त्याचं जन्मभराचं निदान हेच होतं. पोराला परीक्षेत मार्क कमी पडले तरी तो हेच म्हणायचा. पण यावेळी स्क्रू खरोखरच ढिला होता, त्यामुळे आम्ही मान डोलावली. राजन्नाने पिशवीतून पाना काढला. टर्बाइनच्या झाकणाचे बोल्ट आवळणारा माणूस तो, आणि समोर मुगाच्या दाण्याएवढे स्क्रू!

"राजन्ना, हळू," साठे साहेब म्हणाले.

"साहेब, माह्या हातचा टर्बाइन गळत नाई. हे तं डब्बी हाय डब्बी!"

दात-ओठ खाऊन त्याने शेवटचा पीळ दिला आणि कट्‌ करून आवाज आला. स्क्रूचं डोकं तुटून त्याच्या तळहातावर पडलं, बाकीचा स्क्रू आतच राहिला. राजन्नाने डोकं नीट निरखलं, मग आमच्याकडे पाहून अभिमानाने म्हणाला,

"आता कोनाचा बाप भी ढिल्ला करू शकत नाई!"

*

मे महिना आला. चंद्रपूरचा मे. आमच्याकडे त्या दिवसांत कावळासुद्धा पारावरच्या सावलीतून उठत नाही. साठे साहेबांनी फळ्यावर आकृती काढून समजावलं की उन्हाने धातू फुगतो, नळी एका बाजूने जास्त तापते, म्हणून झिरो सरकतो. शास्त्रशुद्ध होतं, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

साहेबांच्या हुकमाने लांबच लांब वायर ओढून रेंजवर कूलर आला. त्याला नवीन वाळा लावला. समोर कॅम्प कॉट, कॉटवर चादर, चादरीवर रायफल आणि तिच्यावर छत्री धरून उभे उस्ताद. आम्ही सगळे डोक्याला दुपट्टे गुंडाळून उन्हात!

ड्यूटी संपवून बाई आल्या. त्यांनी कंबरेवर हात ठेवून तो थाट पाहिला. "माह्या वॉर्डात पेशंट खाटेसाठी भांडून राह्यले, अन् हिले इथी कूलर!"

तासाभराने साहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला तर आत सगळं धुकं. कूलरचे तुषार थेट काचेवर बसले होते. उस्तादांनी छत्री मिटली आणि गंभीरपणे जाहीर केलं, "घ्या. हिले सर्दी झाली."

*

पावसाळ्यात मी माझी अक्कल चालवली. रायफलीचा दस्ता लाकडाचा. पावसात आमची दारं फुगतात, तर दस्ता का फुगणार नाही? आणि दस्ता फुगला की नळीला ढकलणार! हे सुचल्यावर मी स्वतःवर इतका खूश झालो की रात्रीच्या जेवणात बायकोलाही समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आधी न्हाणीघराचं दार लावून दाखवा."

दस्ता सुकवायचा कुठे? केंद्राच्या लॅबमध्ये कोळशाचे नमुने वाळवायचे ओव्हन होते. मी रायफलीचं लाकूड तेवढं वेगळं काढलं, कागदात गुंडाळलं आणि लॅबमधल्या ओळखीच्या माणसाला म्हणालो, "मंद आचेवर राहू दे. सोमवारी नेतो."

सोमवारी लॅबचे केमिस्ट मेश्राम स्वतः माझ्या सेक्शनला आले. माणूस अत्यंत गंभीर. ड्यूटी बदलताना कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं की हा नमुना नव्हे. त्यांनी दस्त्याच्या तळाचा थोडा भुसा कानशीनं घासून काढून त्याची रीतसर तपासणी केली होती! त्यांनी दार लोटलं, इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं,

"वासुभाऊ, ओलावा नाई, राख तं नावालेच. असा कोळसा आपल्याले आजवर आला नाई. कोनत्या खाणीतून आनला?"

*

ऑगस्टात चिमूरच्या एका शाळेने प्रात्यक्षिकाला बोलावलं. झिरो पळालेलाच होता, पण नाही कसं म्हणायचं? जीपमध्ये पेटी टाकली आणि निघालो. वाटेत जंगलखात्याचा नाका लागला.

"पेटीत काय हाय जी?" वनरक्षकाने विचारलं.

"रायफल," साठे साहेब म्हणाले. साहेबांना खोटं बोलता यायचं नाही, निदान जीपमध्ये तरी.

"अन् हे वरतं काय?"

"दुर्बीण."

झालं! बंदूक, तिच्यावर दुर्बीण, गाडीत मिशीवाले उस्ताद आणि दोन्ही बाजूंना साग. वनरक्षकाने शिट्टी वाजवून आतून आपल्या साहेबाला बोलावलं. लायसन दाखवलं, शाळेचं बोलावणं दाखवलं. तो साहेब म्हणाला, "कागद तं समद्यायपाशीच राह्यते. शिकारी काय बिनाकागदाचा येते?"

साठे साहेब पुणेरी संतापाने लाल झाले. "अहो, आम्ही खेळाडू आहोत, शिकारी नाही! हे बघा, हे आमचे कालचे टार्गेट. आम्ही कागदावर गोळ्या मारतो, कागदावर!" आणि त्यांनी कालच्या सरावाचं कार्ड त्याच्या हातात कोंबलं.

नाक्यावरच्या साहेबाने कार्ड उजेडात धरलं. मधला काळा गोल कोरा करकरीत होता. छिद्रं होती ती चारी कोपऱ्यांत, एक तर नुसतीच कड खाऊन गेलेली. त्याने कार्डाकडे पाहिलं, मग आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कार्ड अदबीने परत दिलं आणि स्वतःच्या हाताने आडवा बांबू वर केला.

"जाऊ द्या रे यायले. वाघाले काई धोका नाई."

*

दसऱ्याला आमच्या केंद्रात बॉयलरपासून टाइपरायटरपर्यंत सगळ्यांना हार पडतो. उस्तादांनी क्लबाची शस्त्रपूजा मांडली. नागपूरसारखी चंद्रपूरलाही दीक्षाभूमी आहे, बाई तेव्हा तिथल्या सोहळ्याला गेल्या होत्या, त्यांच्याकडे कुठून कुठून पाव्हणे आलेले. त्या असत्या तर पुढचा प्रकार झालाच नसता.

पुढच्या रविवारी साठे साहेब सतरंजीवर आडवे झाले, डोळा लावला आणि म्हणाले, "आज हवेत धूळ फार आहे. सगळं तांबूस दिसतंय."

मी डोळा लावला. खरंच तांबूस. मी म्हणालो, खाणीत सकाळी ब्लास्टिंग झालं असेल. राजन्ना म्हणाला, "पाऊस पडनार, आमच्या गोदावरीकडे असाच लाल दिसते." उस्तादांनी साहेबांना ब्लडप्रेशर तपासून घ्यायचा सल्ला दिला. चर्चा चांगली रंगली.

बाई आल्या. त्यांनी पर्समधून कापसाचा बोळा काढला, स्पिरिटमध्ये बुडवला, दुर्बिणीची पुढची काच पुसली आणि तो लालभडक बोळा साहेबांच्या नाकासमोर धरला.

"हे धूळ नाई साहेब, हे कुंकू हाय. हिची ओटी कोनं भरली?"

उस्ताद ढिगाऱ्याकडे पाहू लागले. पूजेआधी गंज लागू नये म्हणून त्यांनी सढळ हाताने खोबरेल तेलही चोळलं होतं, आणि ते दुर्बीण जिच्यावर बसते त्या पट्टीत शिरलं होतं. दर गोळीला दुर्बीण थोडी थोडी पुढे सरकत होती. आम्ही तेल पुसलं, सगळं आवळलं, झिरो लावला आणि पेढे वाटले.

पुढच्या रविवारी झिरो पुन्हा गायब.

*

आता मात्र हसू आटलं. दिवाळी तोंडावर आली होती. बाई एकदा मला म्हणाल्या, "वासुभाऊ, माह्या डोळ्यानं दगा देला, ते मी समजू शकते. ह्या दुर्बिणीचं काय बिघडवलं जी मी?" मला फार वाईट वाटलं. जन्मभर इतरांचे काटे बरोबर करणारा मी, आणि ही एक दुर्बीण माझ्याच्याने ताळ्यावर येईना!

साठे साहेबांनी ठरवलं की हा माणसाचाच उद्योग. कुणीतरी आपल्या डोळ्याला सोयीचं म्हणून गुपचूप दुर्बिणीचा झिरो लावायचा नॉब फिरवतो. साहेब रविवारी खुर्ची टाकून रायफलीशेजारी बसले. एकेक जण आला, आडवा झाला, गोळ्या मारून उठला. साहेबांची नजर नॉबवरून हलली नाही. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "नॉबला कोणीही हात लावलेला नाही. मी साक्षीदार आहे. आता मी मारून बघतो."

साहेब आडवे झाले, रायफल खांद्याला लावली आणि डोळा लावण्याआधी बोट दुमडून दुर्बिणीला टक्‌-टक्‌ दोन टिचक्या मारल्या.

"साहेब," बाई म्हणाल्या, "टिचकी काऊन मारली?"

"कुठे? मी?"

आणि एकदम सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. वीज केंद्रातला माणूस! गेज बघायचं तर आधी काचेवर टिचकी, अडकलेला काटा सुटावा म्हणून. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात बोटाला लागलेली सवय. साहेब मारायचे, राजन्ना मारायचा, आणि मी तर पोटापाण्यासाठी मारायचो! उस्ताद सिक्युरिटीतले, गेजशी त्यांचा संबंध नव्हता, पण आमचं पाहून त्यांना वाटायचं हा दुर्बिणीचा कायदाच असेल. महिनोन्‌महिने त्या नाजूक दुर्बिणीला आम्ही सगळ्यांनी ठोकून ठोकून हैराण केलं होतं.

बाई पोट धरून हसत होत्या. राजन्ना हळूच म्हणाला, "बाई, तुमी भी मारता. इंजेक्शन देताना सुईले मारता ना, तशी!"

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "मेली मी!" म्हणाल्या, आणि पुन्हा हसायला लागल्या.

*

सवय म्हणजे सवय. शपथा घेऊनही बोट उठायचंच. मग राजन्नाने भंगारातून एक जुनं प्रेशर गेज आणलं आणि सतरंजीशेजारी खांबाला ठोकलं. त्याचा काटा कधीचाच मेलेला होता. नियम असा की रायफलीला हात लावण्याआधी हव्या तेवढ्या टिचक्या तिथे मारून घ्यायच्या.

त्याच आठवड्यात केंद्राचे सर्वांत मोठे साहेब अचानक रेंज बघायला आले. सगळीकडे नजर फिरवली आणि खांबापाशी थांबले.

"साठे, इथे प्रेशर गेज कशाला?"

साठे साहेब घामाघूम. "सर, सेफ्टी."

"व्हेरी गुड!" मोठे साहेब म्हणाले, गेजजवळ वाकले, आणि टक्‌-टक्‌ करून दोन टिचक्या मारल्या.

*

नागपूरची स्पर्धा. जीपमध्ये दवाखान्याची उशी, उशीवर रायफल आणि ती उशी अख्खा रस्ता बाईंच्या मांडीवर. खड्डा आला की उस्ताद ड्रायव्हरला गोंडीतून काहीतरी सुनवायचे. अर्थ आम्ही कधी विचारला नाही.

रेंज ऑफिसर मोठे ऐटबाज गृहस्थ होते. कार्डांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक कोऱ्या कार्डाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ते स्वतः जाड काळ्या पेनाने सही करत होते. सही कसली, रांगोळीच! नाव, त्याखाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

आधी सरावाच्या गोळ्या. त्या हव्या तशा मारून नेम तपासून घ्यायचा, मग खरी मॅच. मी मागे उभा राहून हातातल्या दुर्बिणीतून बघत होतो. बाईंनी पहिली गोळी मारली. गोळी काळ्या गोलापासून कोसभर दूर, खालच्या डाव्या कोपऱ्यात! दुसरी तिथेच. तिसरी तिच्याच भोकात. उशीवर आणूनही रस्त्याने डाव साधला होता. सगळ्या गोळ्या एकाच जागी, आणि ती जागा साफ चुकीची.

उस्तादांनी डोळे मिटून घेतले. सराव संपून मॅच सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ होता. साठे साहेब धावत गेले. "बाई, नॉब फिरवा! थोडा वर, थोडा उजवीकडे!"

बाईंनी मान हलवली. "नाई साहेब. इतक्या महिन्यांनं पेशंट शांत झोपला हाय. त्याले उठवू नका."

"अहो, पण गोळ्या कुठे जातायत ते तरी बघा!"

"पाह्यलं ना जी. एकाच जागी जाऊन राह्यल्या."

साहेब हात हलवत परत आले. नवीन कार्ड लागलं, मॅच सुरू झाली. आता मला बघवेना. मी हातातली दुर्बीण राजन्नाला दिली आणि आपली चप्पल बघत उभा राहिलो. एकेक गोळीचा टाळीसारखा आवाज येत होता आणि राजन्ना काहीच बोलत नव्हता. राजन्ना गप्प म्हणजे काम बिघडलं, असं मी धरून चाललो.

मग राजन्ना एकदम किंचाळला, "बंगारम! बंगारम!" तेलुगूत बंगारम म्हणजे सोनं, एवढं मला कळत होतं.

कार्ड आलं. सगळा कागद कोरा आणि मधोमध काळ्या गोलाच्या पोटात एकच फाटकं भोक! लाउडस्पीकरवरून विदर्भ संघासाठी खोब्रागडे बाईंचं नाव पुकारलं गेलं. उस्ताद लहान मुलासारखे रडले, राजन्नाने साठे साहेबांना उचलून घेतलं, आणि साहेबांनी तक्रार केली नाही. मला तर आयुष्यात प्रमोशनलाही इतका आनंद झाला नव्हता.

एवढ्यात रेंज ऑफिसर दोन्ही कार्डं घेऊन आले. कपाळाला आठ्या.

"बाई, सरावाच्या तुमच्या सगळ्या गोळ्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. मॅचच्या सगळ्या बरोबर मधोमध. मधल्या वेळात तुम्ही दुर्बिणीला बोटसुद्धा लावलं नाही, मी स्वतः बघत होतो. मग मॅचमध्ये तुम्ही नेम धरला तरी कुठे?"

बाई रायफल उशीवर ठेवत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"तुमच्या सहीवर, जी."